निधी कोर्टाची पायरी कशी चढतो?

न्यायालयांना पैसा कमी मिळतो ही तक्रार जुनी आहे. मंजूर झालेला पैसा न्यायालयापर्यंत पोहोचतो कसा आणि वाटेत अडतो कुठे, याची चर्चा मात्र क्वचित होते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी केंद्र सरकार जो निधी देते, त्यातला बराचसा थेट न्यायालयाच्या हाती पडत नाही. तो राज्याच्या तिजोरीत येतो, राज्याच्या अर्थसंकल्पात नोंदला जातो आणि इमारतीचा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागामार्फत खर्च होतो. गरज न्यायालयाची, योजना केंद्राची आणि व्यवहार राज्याचा, अशी ही तीन ठिकाणी विभागलेली जबाबदारी आहे. ही व्यवस्था कशी घडली, तिचा अनुभव काय, तिच्याविषयी कोणत्या भूमिका मांडल्या जातात आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा हा आढावा.

संविधानाची चौकट

मूळ संविधानात न्यायदान हा राज्यसूचीतला विषय होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने न्यायदान आणि (सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता) सर्व न्यायालयांची रचना हे विषय समवर्ती सूचीत नोंद 11-अ म्हणून आले. त्यामुळे कनिष्ठ न्यायालयांबाबत कायदा करण्याचा अधिकार केंद्रालाही मिळाला. खर्चाचा भार मात्र बहुतांशी राज्यांवरच राहिला.

खर्चाच्या बाबतीत उच्च न्यायालय आणि जिल्हा न्यायालय यांची स्थिती सारखी नाही. अनुच्छेद 229 नुसार उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित असतो. विधिमंडळ त्यावर चर्चा करू शकते, मतदान करत नाही. जिल्हा व तालुका न्यायालयांना असे संरक्षण नाही. त्यांचा खर्च इतर खात्यांसारखाच मागणी म्हणून सभागृहापुढे येतो. पुन्हा या न्यायालयांवर नियंत्रण आहे ते अनुच्छेद 235 नुसार उच्च न्यायालयाचे. म्हणजे ज्याच्याकडे नियंत्रण आहे त्याच्याकडे तिजोरी नाही आणि ज्याच्याकडे तिजोरी आहे त्याच्याकडे नियंत्रण नाही.

केंद्राने या खर्चात वाटा उचलावा का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. न्यायाधीशांच्या वेतनासाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाने कनिष्ठ न्यायव्यवस्थेवरील वाढीव खर्चाचा निम्मा भार केंद्राने घ्यावा, अशी शिफारस केली होती. ऑल इंडिया जजेस असोसिएशन प्रकरणातील मार्च 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारली नाही. भार राज्यांनीच उचलावा. कमी पडल्यास त्यांनी वित्त आयोगाकडे किंवा केंद्राकडे जावे, असे न्यायालयाने सांगितले. त्यामुळे केंद्राचा पैसा हा न्यायालयांचा हक्क ठरला नाही. तो योजना आणि शिफारशींच्या वाटेनेच येत राहिला.

चार वाटा

पहिली वाट केंद्र पुरस्कृत योजनेची. न्यायव्यवस्थेच्या पायाभूत सुविधांसाठीची योजना 1993-94 पासून चालू आहे. तीतून जिल्हा व कनिष्ठ न्यायालयांच्या इमारती आणि न्यायाधीशांची निवासस्थाने बांधली जातात. केंद्र व राज्य यांचा हिस्सा आधी निम्मा-निम्मा होता. 2011-12 पासून तो 75:25 झाला आणि 2015-16 पासून 60:40 आहे. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी तो 90:10 आहे. केंद्रशासित प्रदेशांचा सगळा खर्च केंद्र करते. 2021 मध्ये या योजनेला 2025-26 पर्यंत मुदत मिळाली. एकूण तरतूद 9000 कोटी रुपये आणि त्यात केंद्राचा वाटा 5357 कोटी रुपये ठरला. वकिलांसाठी सभागृह, स्वच्छतागृहे आणि डिजिटल संगणक कक्ष या बाबीही त्या वेळी योजनेत आल्या. उच्च न्यायालयांच्या स्वतःच्या इमारती या योजनेत बसत नाहीत.

दुसरी वाट वित्त आयोगाची. दर पाच वर्षांनी नेमला जाणारा आयोग राज्यांना अनुदान सुचवतो आणि काही आयोगांनी त्यात न्यायदानासाठी वेगळी रक्कम ठेवली आहे. तिसरी वाट विशेष निधीची. बलात्कार आणि पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) याखालील खटल्यांसाठी ऑक्टोबर 2019 मध्ये सुरू झालेली जलदगती विशेष न्यायालये निर्भया निधीतून चालतात. 1023 न्यायालयांचे उद्दिष्ट होते आणि प्रत्येक न्यायालयासाठी एक न्यायाधीश व सात कर्मचारी असा हिशेब धरला होता. इथेही 60:40 चेच सूत्र आहे.

चौथी वाट या तिन्हींहून वेगळी आहे. ई-कोर्ट प्रकल्प ही पूर्णपणे केंद्राच्या खर्चाची योजना आहे. तिचा निधी केंद्राच्या न्याय विभागाकडून उच्च न्यायालयांकडे जातो आणि तांत्रिक दिशा सर्वोच्च न्यायालयाची ई-समिती ठरवते. सप्टेंबर 2023 मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्याची तरतूद 7210 कोटी रुपये आहे, तर दुसऱ्या टप्प्याची 1670 कोटी होती. राज्याच्या तिजोरीला वळसा घालणारी ही वाट पुढच्या सगळ्या वादात दाखल्यासारखी वापरली जाते.

प्रस्तावापासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

एखाद्या तालुक्याला न्यायालयाची नवी इमारत हवी असेल, तर सुरुवात प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या कार्यालयातून होते. जागेचा ताबा, सातबारा किंवा मिळकतपत्रिका, नकाशा, किती न्यायदान कक्ष आणि किती कर्मचारी याचा तपशील, असा प्रस्ताव उच्च न्यायालयाकडे जातो. तिथे तपासणी झाली की तो राज्याच्या विधि व न्याय विभागाकडे येतो. सार्वजनिक बांधकाम विभाग अंदाजपत्रक करतो आणि वित्त विभाग सहमती देतो. मग प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय निघतो. त्यानंतर तांत्रिक मान्यता आणि निविदा. राज्याने आपला कृती आराखडा केंद्राच्या न्याय विभागाला दिला आणि आपल्या हिश्श्याची तरतूद केली, की केंद्राचा हप्ता येण्याची वाट मोकळी होते.

जुलै 2021 पासून या वाटेत आणखी एक शिस्त आली. केंद्र पुरस्कृत योजनेसाठी प्रत्येक राज्याने एकच नोडल संस्था आणि तिचे एकच खाते ठेवायचे, व्यवहार पीएफएमएस या केंद्राच्या सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीवर दिसला पाहिजे, केंद्राचा वाटा एका वेळी साधारण पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त सोडायचा नाही आणि आधीच्या रकमेतला किमान 75 टक्के खर्च दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही, असे नियम झाले. खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र राज्याने द्यायचे. इमारतींची प्रगती ‘न्याय विकास’ या संकेतस्थळावर उपग्रहाच्या मदतीने भू-स्थाननिश्चितीसह नोंदवली जाते.

या साखळीत न्यायालयाचा हात दोनच ठिकाणी पोहोचतो: सुरुवातीच्या प्रस्तावात आणि शेवटी इमारतीचा ताबा घेताना. मधल्या टप्प्यांत बैठका घेणे आणि पाठपुरावा करणे एवढेच त्याच्या हाती राहते. लेखाशीर्षेही वेगळी आहेत. न्यायालयांचा चालू खर्च 2014 ‘न्यायदान’ या लेखाशीर्षाखाली असतो, तर सरकारी इमारतींचा भांडवली खर्च 4059 या सार्वजनिक बांधकामाच्या लेखाशीर्षाखाली जातो. मार्च जवळ आला तरी बांधकाम रखडलेले असेल, तर पैसा परत जाण्याची चिंता न्यायालयाला असते. पण निविदेला गती देण्याचे साधन त्याच्याकडे नसते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या बाबतीत हे आणखी गुंतागुंतीचे होते. या एका न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात महाराष्ट्र आणि गोवा ही दोन राज्ये आहेत, शिवाय दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेशही आहे. त्यामुळे त्याला दोन राज्य सरकारांच्या अर्थसंकल्पांशी 60:40 च्या हिशेबाने आणि एका प्रशासनाशी पूर्ण केंद्रीय खर्चाच्या हिशेबाने व्यवहार करावा लागतो.

तीन दशकांचा अनुभव

अकराव्या वित्त आयोगाने 502.90 कोटी रुपयांच्या अनुदानातून देशभर 1734 जलदगती न्यायालये सुचवली. 2000 ते 2005 या काळासाठी असलेली ही मदत पुढे वाढवत 31 मार्च 2011 पर्यंत नेण्यात आली आणि मग केंद्राने हात काढून घेतला. न्यायालये चालू ठेवायची की बंद करायची, हे राज्यांनी आपापल्या परीने ठरवले. तिथे तात्पुरत्या नेमणुकीवर काम केलेल्या न्यायाधीशांच्या भवितव्याचा वाद ब्रिज मोहन लाल प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2012 मध्ये त्यावर निकाल झाला. अनुदानाला मुदत असते, पण त्यातून उभ्या राहिलेल्या पदाला आणि त्या पदावरच्या माणसाला मुदत लावणे सोपे नसते, हे या प्रकरणाने दाखवले.

तेराव्या वित्त आयोगाने न्यायदानासाठी 5000 कोटी रुपये ठेवले. त्यातले निम्मे, 2500 कोटी, सकाळच्या, संध्याकाळच्या आणि जादा पाळीतल्या न्यायालयांसाठी होते. उरलेल्या रकमेतून लोकअदालत व विधी साहाय्य, पर्यायी वादनिवारण केंद्रे, न्यायाधीशांचे व सरकारी वकिलांचे प्रशिक्षण, वारसा इमारतींची दुरुस्ती आणि न्यायालय व्यवस्थापक अशी कामे करायची होती. हा आराखडा कागदावर भरीव होता, पण पैशाचा मोठा भाग खर्चच झाला नाही. जादा पाळीला न्यायाधीश आणि कर्मचारी कुठून आणायचे हा प्रश्न होता, अनेक ठिकाणी वकिलांचाही विरोध होता. सर्वांत मोठी रक्कम ज्या बाबीला दिली, तिलाच मागणी नव्हती. यातून काढला गेलेला एक धडा असा, की न्यायालयाची गरज आधी न विचारता ठरवलेले अनुदान वापरले जात नाही. दुसरा धडा असा, की वापर झाला नाही म्हणजे गरज नव्हती, असा अर्थ लावणे घाईचे ठरते.

न्यायालय व्यवस्थापक हे याच योजनेचे अपत्य. प्रशासनाचा भार न्यायाधीशांवरून हलका करण्यासाठी व्यवस्थापनाची पदवी असलेली माणसे करारावर घेण्यात आली. निधीचा काळ संपला आणि पदे लोंबकळत राहिली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नियमित करण्याचे निर्देश दिले, आणि मे 2025 मध्ये उच्च न्यायालयांनी व राज्यांनी त्यासाठी नियम करावेत असे पुन्हा सांगावे लागले.

चौदाव्या वित्त आयोगाने पवित्रा बदलला. न्याय विभागाचा 9749 कोटींचा प्रस्ताव त्याने योग्य मानला, पण वेगळे अनुदान दिले नाही. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा 32 वरून 42 टक्के होत असल्याने राज्यांनी त्या वाढीव पैशातून हा खर्च करावा, असे सुचवले. त्या प्रस्तावात 1800 जलदगती न्यायालयांचाही समावेश होता. ते उद्दिष्ट पूर्ण झाले नाही. वाढीव वाटा राज्यांना मिळाला. तो कशावर खर्च करायचा हे अर्थातच राज्यांनी ठरवले. पंधराव्या आयोगाने 2021-26 साठी जलदगती न्यायालयांकरिता 10,425 कोटींचे क्षेत्रनिहाय अनुदान पुन्हा सुचवले. केंद्राने क्षेत्रनिहाय अनुदाने त्या स्वरूपात स्वीकारली नाहीत. आपल्या योजना आखताना त्यांचा विचार करू, असे म्हटले.

या काळात तुटवडा कमी झाला, संपला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या संशोधन व नियोजन केंद्राच्या 2023 च्या अहवालानुसार न्यायाधीशांची मंजूर पदे 25,081 होती, तर न्यायदान कक्ष 20,831. ऑक्टोबर 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या विस्तारित इमारतीच्या उद्घाटनाला तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी देशातल्या न्यायालय संकुलांची पाहणी मांडली होती. 26 टक्के संकुलांत महिलांसाठी वेगळे स्वच्छतागृह नव्हते, 16 टक्के संकुलांत पुरुषांसाठीही नव्हते, आणि प्राथमिक वैद्यकीय मदतीची सोय केवळ 5 टक्के संकुलांत होती.

चार भूमिका

पहिली भूमिका राज्यांची. पगार, निवृत्तिवेतन, वीज, देखभाल हा सगळा नेहमीचा खर्च आम्ही करतो, न्यायालयासाठी जमीन आम्ही देतो, आणि विधिमंडळाला उत्तरही आम्हीच देतो. मग निधी आमच्या अर्थसंकल्पातून जाणेच योग्य आहे, असे राज्ये म्हणतात. केंद्राने इमारत बांधून दिली आणि पदांचा खर्च राज्यावर सोडला, तर तो निर्णयही राज्याच्या संमतीनेच व्हायला हवा. या म्हणण्यात संघराज्याचे तत्त्व आहे आणि लेखापरीक्षणाची सोयही.

दुसरी भूमिका राष्ट्रीय प्राधिकरणाची. औरंगाबादच्याच भाषणात सरन्यायाधीश रमणा यांनी राष्ट्रीय न्यायिक पायाभूत सुविधा प्राधिकरणाचा आग्रह धरला. न्यायालयांच्या गरजा न्यायव्यवस्थेने ठरवाव्यात, पैसा एका वैधानिक संस्थेकडे यावा आणि नियोजन तुटक न राहता सलग व्हावे, अशी ही मांडणी आहे. 30 एप्रिल 2022 रोजी मुख्यमंत्री आणि मुख्य न्यायमूर्तींच्या संयुक्त परिषदेत हा विषय आला. राष्ट्रीय संस्थेवर एकमत झाले नाही. मुख्यमंत्र्यांचा सहभाग असलेल्या राज्यस्तरीय संस्थांवर सहमती झाली.

तिसरी भूमिका थेट निधीची. ई-कोर्ट प्रकल्पात उच्च न्यायालये पैसा हाताळू शकतात, तर इतर योजनांत का नाही, असा हा सवाल आहे. यामुळे मधले टप्पे कमी होतील आणि ज्याच्यावर जबाबदारी त्याच्याच हाती साधन येईल. याला उत्तर असे दिले जाते, की संगणक खरेदी आणि इमारत बांधणी ही वेगळी कामे आहेत. उच्च न्यायालयाकडे अभियंत्यांचे दल नाही. शिवाय कंत्राट देणारे न्यायालय आणि त्या कंत्राटाचा वाद ऐकणारे न्यायालय एकच झाले, तर अडचण होईल.

चौथी भूमिका क्षमतेची. निधी कोणत्याही वाटेने आला तरी मागणी मांडणारा, हिशेब ठेवणारा आणि पाठपुरावा करणारा पूर्णवेळ माणूस न्यायालयात नसेल तर तो अडणारच. म्हणून आधी प्रत्येक उच्च न्यायालयात नियोजन व अर्थसंकल्प कक्ष आणि जिल्ह्यात प्रशिक्षित व्यवस्थापक हवेत, असे ही बाजू सांगते. यावर आक्षेप असा, की क्षमता उभारायलाही पैसा लागतो, आणि व्यवस्थापकांच्या पदांचे काय झाले ते सर्वांसमोर आहे.

अमेरिकेशी तुलना

राज्यामार्फत न्यायालयांकडे निधी वळवण्याचा प्रश्न अमेरिकेतही आहे. तिथे संघीय अनुदाने बहुधा राज्यपालांच्या अखत्यारीतल्या संस्थांकडे येतात आणि त्या पुढे वाटप करतात. पोलीस, सरकारी वकील आणि तुरुंग यांच्याबरोबर न्यायालयेही अर्जदार म्हणून रांगेत उभी राहतात. बर्न जॅग या फौजदारी न्याययंत्रणेसाठीच्या संघीय अनुदानात न्यायालयीन कार्यक्रम पात्र आहेत, पण त्यांच्यासाठी राखीव वाटा नाही. महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखालील स्टॉप अनुदानात मात्र राज्याच्या वाट्यातले 5 टक्के न्यायालयांसाठी ठेवावे लागतात. पोलीस आणि सरकारी वकील यांना प्रत्येकी 25 टक्के, पीडितांच्या सेवेला 30 टक्के.

दोन मार्ग आणखी वेगळे आहेत. मुलांच्या पोषणखर्चाच्या वसुलीसाठी राज्य यंत्रणा न्यायालयाशी सहकार्य करार करते आणि पात्र खर्चाचे 66 टक्के संघीय सरकार परत करते. न्यायाधीशांचा पगार त्यातून वगळलेला असतो. बालकल्याणाच्या खटल्यांसाठी 1993 मध्ये सुरू झालेला न्यायालय सुधारणा कार्यक्रम तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयालाच थेट निधी देतो.

भारतासाठी यात काही पर्याय दिसतात: राखीव टक्केवारी, लेखी करार, किंवा विशिष्ट कामापुरता थेट निधी. अमेरिकेतही न्यायालयांची तटस्थता आणि अनुदानाच्या अटी यांच्यातला ताण संपलेला नाही. खटला चालवणारी यंत्रणा आणि निकाल देणारे न्यायालय एकाच अनुदानाच्या छताखाली आले, की तो प्रश्न उभा राहतोच.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न प्राधान्याचा. जलदगती विशेष न्यायालयांचा पैसा विशिष्ट गुन्ह्यांसाठीच येतो. या गुन्ह्यांची तातडी कोणी नाकारत नाही. पण न्यायाधीश अनेकदा नेहमीच्याच संवर्गातून घेतले जातात आणि तेवढे हात दिवाणी व इतर फौजदारी कामातून कमी होतात. कोणता खटला आधी चालवायचा, हे अनुदान देणाऱ्याने ठरवणे कुठपर्यंत योग्य, यावर सर्वमान्य उत्तर नाही.

दुसरा प्रश्न मुदतीचा. अनुदान पाच वर्षांचे आणि गरज कायमची. योजना संपल्यावर पदांचा भार कोणी घ्यायचा, हे मंजुरीच्या वेळीच लिहून ठेवण्याची पद्धत अजून रुजलेली नाही.

तिसरा प्रश्न माहितीचा. केंद्राने किती सोडले, राज्याने आपला वाटा कधी टाकला, काम कुठे थांबले, हे तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी सापडते. एकाच तालुका न्यायालयाची कहाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नागरिकाला सहज दिसत नाही. न्याय विकास संकेतस्थळाने इमारत दाखवली, पण तिच्यामागची निर्णयांची साखळी तिथे दिसत नाही.

चौथा प्रश्न राज्यस्तरीय संस्थांचा. 2022 च्या परिषदेत तत्त्वतः मान्य झालेल्या या संस्थांना स्वतःचा निधी, स्वतःचे अभियंते आणि मंजुरीचा अधिकार मिळाला नाही, तर त्या आणखी एक समिती ठरतील.

आजवरच्या अनुभवातून एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. रकमेचा आकडा वाढल्याने वाट आपोआप सुकर झालेली नाही; तेराव्या वित्त आयोगाचे न वापरलेले कोटी त्याची साक्ष देतात. ज्या ठिकाणी गरज न्यायालयाने मांडली, खर्चाची जबाबदारी एका हाती ठेवली आणि मुदतीनंतरची सोय आधी ठरवली, त्या ठिकाणी पैसा कामी येण्याची शक्यता वाढते. हे तीन निकष कोणत्या संस्थेत एकत्र आणायचे, यावर केंद्र, राज्ये आणि न्यायव्यवस्था यांचे एकमत झालेले नाही. पुढची चर्चा त्याच मुद्द्यावर व्हायला हवी.